मानस

आमच्या चोडणला मानस म्हणजे मन नव्हे.
बांधाच्या पोटात बसवलेली लाकडी दारं.
भरती येते आणि स्वतःच्याच जोराने
स्वतःला बाहेर कोंडून घेते.
ओहोटीला आतलं पाणी खांदा लावतं, निघून जातं.
बाबा या दारांचे राखणदार.
काम काय, तर बघत राहणं.

पाट्टोच्या चौथ्या मजल्यावर, पहिल्याच आठवड्यात,
एवारिस्तो सरांनी फळ्यावर आडव्या रेघा मारल्या.
सगळ्यात वर पडदा, लोकांना दिसतो तेवढाच.
त्याखाली कंट्रोलर: कोण आलं, काय मागतंय,
कुणाकडे धाडायचं.
त्याखाली सर्व्हिस. नियम, हिशेब, हो-नाही
सगळं तिथेच.
मग रिपॉझिटरी, आणि तळाशी डेटाबेस,
गाळासारखा, गप्प.
"वरच्याने बोलायचं ते लगतच्या खालच्याशी.
उडी मारायची नाही," सर म्हणाले
आणि चहाला गेले.

मी उडी मारली.
मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होता,
बोलीचं अ‍ॅप सकाळी सुरू व्हायचं होतं,
शेवटची फेरीबोट माझ्यासाठी थांबणार नव्हती.
एकूण बोली दाखवायची, एवढंच.
कोण त्या चार जिन्यांवरून खाली जाऊन वर येणार?
पडद्याच्या पानातच क्वेरी लिहिली,
थेट तळात हात घातला.
अकरा ओळी. चाललं.
फेरीत वारा चांगला होता.

तीन महिन्यांनी कुणीतरी, योग्य कारणासाठी,
रक्कम पैशांत साठवायला सुरुवात केली.
सर्व्हिसमध्ये एक ओळ: शंभराने भागा.
सगळी पानं सर्व्हिसला विचारत होती,
सगळ्यांना बरोबर उत्तर मिळालं.
माझं पान कुणालाच विचारत नव्हतं.

खोर्जुव्याच्या आग्नेलची बारा हजारांची बोली
बारा लाख दिसली.
दुपारपर्यंत त्याच्या सासुरवाडीहून फोन,
संध्याकाळी घरी बँकेचा माणूस.
आग्नेल मला म्हणाला, "बाय, एक दिवस तरी
माझा मान वाढला."
मला हसता आलं नाही.

घरी मी बाबांना पैसे-रुपये सांगितले, थर सांगितले.
त्यांनी पेजेत मीठ घातलं, ढवळलं,
मग म्हणाले, "दुलबाने बांध फोडलेला तुला आठवत नसेल.
एका रात्रीची कोळंबी मिळाली त्याला.
तीन वर्षं शेतात कोरगूटसुद्धा धरलं नाही."
पुढे काही बोलले नाहीत.
पेज मात्र खारट झाली होती.

त्यानंतर मी घाबरले, आणि घाबरलेला माणूस
फार बांधकाम करतो.
देवळाच्या तेलवातीची यादी, दोन रकाने,
त्याला मी सात थर दिले.
प्रत्येक थर वरून आलेलं
न उघडता खाली देत होता.
एवारिस्तो सर बराच वेळ स्क्रोल करत राहिले.
"डबक्याला बांध घातलास," म्हणाले.
"पलीकडे समुद्र आहे का, ते आधी बघायचं."

हे मला अजून नेमकं जमत नाही.
पण एवढं कळलं:
दाराला भात माहीत नसतो,
भाताला भरती माहीत नसते,
आणि या न माहीत असण्यावरच
शेत उभं असतं.
ज्याला सगळं ठाऊक, त्याच्यात काही बदलायचं
तर सगळंच हलवावं लागतं.

त्या अकरा ओळी मी पुसल्या.
जागी एक ओळ आली, सर्व्हिसला विचारणारी.
मग चाचणी लिहिली:
आत बारा लाख पैसे, बाहेर बारा हजार रुपये.
चालवली. पुन्हा चालवली.

बाबा रोज पहाटे
दाराच्या आतल्या बाजूचं पाणी ओंजळीत घेऊन
जिभेला लावतात, थुंकतात,
आणि कुणाला काही न सांगता
घरी येतात. आजही आले.
म्हणजे गोडं असावं.